रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, हे खरं नाही

‘दिवसभर राबून दमलेली एक साधी शिवणकाम करणारी बाई बसमध्ये जागेवरून उठली नाही, आणि त्या एका क्षणातून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची चळवळ उभी राहिली.’ रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला, त्याबद्दलचा हा मजकूर व्हॉट्सअॅपवर सतत फिरत असतो. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्यांनी ते दिवस काढले, त्यांचं म्हणणं ऐकलं की यातलं फारसं काही टिकत नाही.

‘दमलेली’: पार्क्स यांनी आत्मकथनात हे साफ नाकारलंय. अंगाने दमले नव्हते, सारखी पड खाऊन कंटाळले होते, असं त्या सांगतात.

‘साधी’: 1943 पासून त्या एनएएसीपी या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या, अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरातल्या शाखेत सचिव होत्या. 1944 मध्ये रेसी टेलर या तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा चौकशीला त्याच गेल्या. एवढी वर्षं हे काम करणाऱ्या बाईला ‘साधी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

‘एका क्षणातून’: माँटगोमेरीत कॉलेजात शिकवणाऱ्या जो अॅन रॉबिन्सन यांनी मे 1954 मध्येच महापौरांना पत्र लिहून शहराच्या बसवर बहिष्कार घालण्याचा इशारा दिला होता. 1 डिसेंबर 1955 ला पार्क्सना अटक झाली, त्या रात्री रॉबिन्सन कॉलेजच्या सायक्लोस्टाईल यंत्रावर या बहिष्काराची हाक देणारी हजारो पत्रकं काढत बसल्या. शिवाय त्याच वर्षी 2 मार्चला 15 वर्षांची क्लॉडेट कॉल्व्हिन अशीच बसून राहिली होती आणि पोलिसांनी तिला बेड्या घालून नेलं होतं. ज्या खटल्यामुळे बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरला, त्यात कॉल्व्हिनसह चार स्त्रिया वादी होत्या. पार्क्स त्यांत नव्हत्या. तुमचा नेता कोण, असं शहराच्या वकिलाने विचारलं तेव्हा या शाळकरी पोरीने कोर्टात उत्तर दिलं, आमचे नेते आम्हीच.

यावर कुणी म्हणतं, म्हाताऱ्यांच्या आठवणींवर काय विसंबायचं? तारखा चुकतात, हे मान्य. पण कॉल्व्हिनची साक्ष शपथेवरची आहे, 1956 सालची. आणि काही गोष्टी सांगितल्याशिवाय कळल्याच नसत्या. जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणी घरी चिकन, केक, पाय (pie) असे पदार्थ करून विकायच्या आणि पैसे बहिष्काराच्या सभेत आणून द्यायच्या. त्यांच्या मंडळाचं नाव ‘कुठलाच नाही’ अशा अर्थाचं होतं, कारण पैसा कुणाकडून आला हे फुटलं असतं तर गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बायकांची नोकरी गेली असती. बहिष्काराचे 381 दिवस लोक बसऐवजी पायी चालले, मोटारी वाटून घेऊन गेले. त्या मोटारींच्या पेट्रोलला हा पैसा लागला. असा हिशेब मुद्दामच कागदावर ठेवलेला नसतो.

अमेरिकी काँग्रेसने 2009 मध्ये कायदा करून चळवळीतल्या लोकांच्या मुलाखती चित्रित करून घ्यायला लावल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्या फुकट पाहता येतात.