‘यूएफडब्ल्यू’ ही लिनक्सची फायरवॉल लावली तरी तुमचा डेटाबेस जगाला दिसत असू शकतो

“क्लाउडला दर महिन्याला पैसे कशाला भरता? जुन्या लॅपटॉपवर स्वतःचा सर्व्हर उभारा” असा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मी त्याकडे दुर्लक्षच करत होतो. पण माझ्या धाकट्या बहिणीने त्यातल्या सगळ्या पायऱ्या सांगलीतल्या तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जशाच्या तशा केल्या आणि “दादा, एकदा बघून घे” म्हणून मला फोन केला. मी पुण्यातून, मोबाइल डेटावरून तिचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) तपासला, तर पेशंटांच्या नोंदींचा डेटाबेस थेट उत्तर देत होता. पासवर्डही मेसेजमधल्या नमुन्यात होता तोच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी घ्या. एकेक पोर्ट (एकेका सेवेचं क्रमांक असलेलं दार) फॉरवर्ड करण्याची कटकट नको, राउटरमध्ये लॅपटॉपला सरळ डीएमझेड करा. यूएफडब्ल्यू चालू केलं की नको ते सगळं बंद होतं, म्हणून डीएमझेडची भीती नाही. बाकी सगळं डॉकरमध्ये (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) चालवा. एसएसएचचा (दुरून लॉगिन करायच्या सोयीचा) पोर्ट बदला, हॅकरला सापडणार नाही. दोन डिस्कचं रेड (दोन्हींवर एकच मजकूर ठेवणारी रचना) करा, बॅकअप लागत नाही. आणि घरचा आयपी कोणाला माहीत असतो?

यात सगळ्यात घातक मिश्रण म्हणजे डीएमझेड, यूएफडब्ल्यू आणि डॉकर एकत्र. घरगुती राउटरमध्ये डीएमझेड केलं की बाहेरून येणारं जवळपास सगळं ट्रॅफिक त्या एका मशीनवर जातं. म्हणजे सगळी भिस्त यूएफडब्ल्यूवर. आणि नेमकं तेच डॉकरपुढे लागू होत नाही! हे माझं मत नाही, डॉकरच्या अधिकृत दस्तऐवजात लिहिलंय: कंटेनरचा पोर्ट प्रकाशित केला, म्हणजे मशीनच्या पोर्टाला जोडला, की त्याचं ट्रॅफिक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोहोचण्याआधीच वळवलं जातं. त्याच दस्तऐवजात हेही स्पष्ट म्हटलंय की असा प्रकाशित केलेला पोर्ट मूळ स्थितीत बाहेरच्या जगालाही उपलब्ध असतो.

कारण समजायला अवघड नाही. यूएफडब्ल्यूचा ‘येणारं सगळं नाकारा’ हा नियम लिनक्सच्या इनपुट साखळीत (नियमांच्या एका यादीत) बसतो, म्हणजे खुद्द त्या मशीनसाठी आलेल्या पॅकेटांसाठी (डेटाच्या तुकड्यांसाठी). डॉकर मात्र त्याआधीच, नॅट (पत्ते बदलण्याच्या) टेबलमध्ये, पॅकेटवरचा पत्ता बदलून तिथे कंटेनरचा पत्ता घालतो. आता ते पॅकेट मशीनसाठी उरतच नाही, ते फॉरवर्ड साखळीतून जातं आणि तिथे डॉकरने स्वतःचे परवानगीचे नियम आधीच लावून ठेवलेले असतात. त्यामुळे यूएफडब्ल्यूचं स्टेटस विचारलं तर ते प्रामाणिकपणे सांगतं की ५४३२ ला (पोस्टग्रेस या डेटाबेसच्या नेहमीच्या पोर्टाला) परवानगी नाही, आणि ५४३२ बाहेरून सताड उघडा असतो. बहिणीने मला त्याच स्टेटसचा स्क्रीनशॉट पाठवला होता. तिने नियम तपासले होते, निष्काळजीपणा केला नव्हता. राग येतो तो म्हणूनच.

उघड्या डेटाबेसचं काय होतं ते जगाने पाहिलंय. २०१७ च्या जानेवारीत हजारो उघड्या मोंगोडीबी डेटाबेसमधला मजकूर पुसून तिथे खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली होती. पोस्टग्रेसमध्ये तर सुपरयूजरचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड हाती लागला की सर्व्हरवर कमांडही चालवता येतात.

आणि उपाय किती छोटा! डॉकरच्या कम्पोज फाइलमध्ये (जिथे कंटेनरांची मांडणी लिहितात) “५४३२:५४३२” च्या जागी “१२७.०.०.१:५४३२:५४३२” लिहायचं, म्हणजे पोर्ट फक्त त्याच मशीनपुरता राहतो. बहुतेक वेळा तर ती ओळच काढून टाकायची, कारण एकाच नेटवर्कवरचे कंटेनर एकमेकांशी सर्व्हिसच्या नावाने बोलतात, डेटाबेसचा पोर्ट प्रकाशित करायची गरजच नसते. मेसेज लिहिणाऱ्याने बाहेरच्या नेटवर्कवरून एकदा तपासून पाहिलं असतं तर हे त्याला तिथेच कळलं असतं.

“आयपी कोणाला माहीत असतो” हा मुद्दा तर २०१३ सालीच निकालात निघाला. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांच्या झेडमॅप या साधनाने एका मशीनवरून, गिगाबिट जोडणीवर, आयपीव्ही४ चा (नेहमीच्या आयपी पत्त्यांचा) सगळा सार्वजनिक पट्टा एका पोर्टसाठी पाऊण तासाच्या आत धुंडाळता येतो. तुम्हाला शोधायला कोणी निघत नाही, सगळ्यांनाच सरसकट तपासलं जातं. शिवाय लेट्स एन्क्रिप्टचं (वेबसाइटच्या एचटीटीपीएससाठीचं मोफत) प्रमाणपत्र घेतलंत की तुमच्या सबडोमेनचं नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं, आणि ती कोणीही वाचू शकतो.

पोर्ट बदलण्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करतो. २२ हा एसएसएचचा मूळ पोर्ट सोडलात तर बॉटांचे प्रयत्न कमी होतात, लॉग वाचण्याजोगा राहतो. पण सुरक्षा येते ती पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त ‘की’ (किल्लीसारखी फाइल) ठेवण्याने, आणि ते मेसेजमध्ये कुठेही नाही.

रेडबद्दल एवढंच: एका डिस्कवर पुसलेलं दुसऱ्या डिस्कवरही त्याच क्षणी पुसलं जातं. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट या रॅन्समवेअरने इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस (नेटवर्कवरचे स्टोरेज) एन्क्रिप्ट केले, तेव्हा रेडने कोणाची फाइल वाचवली नाही. बॅकअप वेगळा हवा, शक्यतो वेगळ्या जागी, आणि त्यातून फाइल परत काढून पाहिलेली हवी.

जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून चांगला, हेही खरंच आहे. वीज कमी खातो, दिवे गेले तर बॅटरी थोडा वेळ तग धरते. इमिचवर फोटो ठेवा, फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड चालवा, मी स्वतः लोकांना तसं सांगतो. मात्र बाहेरून पोहोचण्यासाठी डीएमझेड नको, वायरगार्ड हे व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कात येण्याची खासगी वाट) वापरा. २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, एकच यूडीपी पोर्ट लागतो आणि अनोळखी पॅकेटला ते उत्तरच देत नाही. कंपनीने सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी) ठेवलं असेल तर वायरगार्डवरच उभारलेलं टेलस्केल चालतं, स्टॅटिक आयपीचे पैसेही वाचतात. बहिणीकडे आता वायरगार्ड आहे, डेटाबेसचा पासवर्ड बदललाय आणि मशीन नव्याने इन्स्टॉल केलंय, कारण दरम्यान आत कोण येऊन गेलं हे खात्रीने सांगता येत नव्हतं.

ज्यांनी हा मेसेज वाचून मशीन चालू केलंय त्यांनी आधी राउटरमधलं डीएमझेड बंद करावं. मग घरचं वायफाय सोडून, मोबाइल डेटावरून, आपल्याच आयपीवर एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्राम) चालवावा, ठरावीक पोर्टांवर नाही तर सगळ्या ६५,५३५ वर. आयपीव्ही६ (नव्या प्रकारचा आयपी) असेल तर त्या पत्त्यावर वेगळा चालवावा, कारण तिथे सहसा नॅटचा आडोसा नसतो.