आखूड नळीचा नेम

पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला शिकवायला कोणीतरी रंगरूट लागतोच, आणि आमच्या भावोजींना तो ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील संकुलात, अगदी समोरच्या इमारतीत, मेहुण्याच्या रूपाने आयता मिळाला आहे. त्यांचा विषय एकच : २ इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरने ५० मीटरवरचा नेम. जे शस्त्र खिशात मावावे आणि चार पावलांवर उपयोगी पडावे म्हणून आखूड केले, त्याने इतक्या दूर कशाला मारावे, असे मी मागे सहज विचारले होते. त्याचे उत्तर अजून चालू आहे.

नळी आखूड म्हणून गोळी भरकटत नाही, हा त्यांचा पहिला सिद्धान्त. गोळीला फिरकी देण्याचे काम नळीच्या आत कोरलेले पेच २ इंचांतही चोख करतात. घोटाळा करतो तो धरणारा. नेम धरताना नळीच्या टोकावरचा उंचवटा, म्हणजे माशी, मागच्या खाचेत बसवून पाहायची असते. या दोघींत अंतर असते जेमतेम १०० मिलिमीटर, त्यामुळे माशी खाचेत १ मिलिमीटर जरी डावीकडे सरकली, तरी ५० मीटरवर गोळी अर्धा मीटर डावीकडे जाते. हे त्रैराशिक ते वाण्याच्या बिलामागे मांडून दाखवतात आणि मग माझ्या हाताकडे टक लावून पाहतात. संध्याकाळी घोडबंदर रस्त्यावरून दुचाकी हाकत आलेला हात १ मिलिमीटरच्या आत स्थिर ठेवणे ही बाब माझ्या नव्हे, तर खड्डे बुजवणाऱ्यांच्या अखत्यारीतली आहे, असे माझे नम्र मत आहे.

सराव गच्चीवर, नातवाच्या दिवाळीतल्या टिकल्यांच्या रिव्हॉल्व्हरने, अर्थात टिकल्यांशिवाय होतो. खेळणे असले तरी ते भरलेले समजायचे आणि समोरच्या इमारतीकडे रोखायचे नाही, हा नियम मला मनापासून पटतो, कारण त्या इमारतीत मी राहतो. खरी परीक्षा चापाची. घोडा, म्हणजे मागची आपटणारी हातोडी, आधी मागे न ओढता नुसता चाप ओढला, तर त्या एका ओढीत गोळ्यांचे चक्र फिरते, घोडा उचलला जातो आणि सुटतो. खऱ्या शस्त्रात त्यासाठी सुमारे ५ किलोचा जोर लागतो आणि शस्त्राचे स्वतःचे वजन असते अर्धा-पाऊण किलो. म्हणजे दुधाच्या पिशवीला धान्याची गोणी बांधून ओढायची आणि पिशवी मात्र हलू द्यायची नाही. ती हलली की नाही हे कळावे म्हणून भावोजी नळीवर एक नाणे ठेवतात. माझे नाणे चाप निम्म्यावर येण्याआधीच कठड्याकडे धावते.

नजरेच्या बाबतीत मात्र मी अनपेक्षितपणे उजवा ठरलो. माशी स्वच्छ दिसावी आणि लक्ष्य धूसर, असा दंडक आहे. माझ्या वाचण्याच्या चष्म्यातून लक्ष्यच काय, येऊरचा डोंगरही धूसर दिसतो. भावोजींनी माझे केलेले हे एकमेव कौतुक असल्याने ते येथे नोंदवून ठेवतो.

पुढचा धडा गोळीच्या पडण्याचा. अशा नळीतून ०.३२ इंची गोळी सेकंदाला २०० मीटरच्या आसपास वेगाने निघते, ५० मीटर गाठायला तिला साधारण पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून सुमारे ३० सेंटिमीटर खाली येते. अंतर त्याहून वाढले की नेम वर धरावा लागतो, पण मग लक्ष्यच शस्त्रामागे दडते. त्यावर अमेरिकेतले बंदुकांवर लिहिणारे नेमबाज एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांचा तोडगा असा, की माशी खाचेच्या वर हवी तेवढी उचलावी आणि लक्ष्य तिच्या टोकावर बसवावे. कीथ यांनी गाजवलेली रिव्हॉल्व्हर लांब नळीची होती, हे मी निदर्शनास आणले, तेव्हा त्या दिवशीचा चहा मला बिनसाखरेचा मिळाला.

एक मान्य केले पाहिजे : भावोजींच्या हातात नाणे पडत नाही. चाप पुरता ओढला जातो, घोडा आपटतो आणि नाणे नळीवर जसेच्या तसे बसून राहते. ताईला या कौशल्याचे सोयरसुतक नाही. गच्चीवरून खाली जाणारी सगळी नाणी तिच्या भाजीच्या बटव्यातली असतात आणि ती परत आणायला रंगरुटानेच सात मजले उतरावे, एवढेच तिचे म्हणणे आहे.