जॉर्डनला शाळेच्या टीममधून हाकललं होतं म्हणे!

मायकल जॉर्डनचा तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. काळ्या बॅकग्राउंडवर त्याचा फोटो आणि खाली साधारण असं: या मुलाला शाळेच्या बास्केटबॉल टीममधून काढून टाकलं, कोच म्हणाला तुझ्यात टॅलेंट नाही, तो घरी जाऊन खोलीत रडला, मग फक्त मेहनतीच्या जोरावर जगातला सगळ्यात मोठा खेळाडू झाला, करिअरमध्ये ९,००० शॉट हुकले, ३०० मॅच हरला, आणि म्हणूनच जिंकला. खाली हात जोडलेले इमोजी.

आता जॉर्डन मलाही प्रचंड आवडतो त्यामुळे कुणी त्याचं कौतुक करत असेल तर माझी काही तक्रार नाही, पण या फॉरवर्डमध्ये एक गोष्ट खरी, एक अर्धवट खरी आणि बाकीचं असं वळवून सांगितलेलं आहे की एका माणसाचं नाव त्यात उगाच खराब झालंय. एकेक घेऊ.

"शाळेच्या टीममधून काढून टाकलं"

ज्या टीममध्ये तो अजून गेलाच नव्हता तिच्यातून काढणार कसं? गोष्ट १९७८ ची, नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन गाव, लेनी हायस्कूल, जॉर्डन पंधरा वर्षांचा. अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांचं असतं, नववी ते बारावी, आणि शाळेच्या बास्केटबॉलच्या साधारणपणे दोन टीम असतात. मोठी म्हणजे व्हर्सिटी, तिच्यात बहुतेक अकरावी-बारावीची पोरं, आणि धाकटी म्हणजे ज्युनिअर व्हर्सिटी, तिच्यात नववी-दहावीची. जॉर्डन होता दहावीत. त्याने व्हर्सिटीसाठी ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, दिली, लिस्ट लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं, आणि तो गेला ज्युनिअर व्हर्सिटीत. म्हणजे त्याच्या वयाची बहुतेक मुलं जिथे खेळतात तिथेच.

मग एवढा बोभाटा कशाला झाला? कारण त्याच्याच वर्गातला एक मुलगा व्हर्सिटीत घेतला गेला, लरॉय स्मिथ. जॉर्डनचा मित्रच होता तो. आणि लरॉयला घेतलं कारण त्याची उंची होती सहा फूट सात इंच, जॉर्डनची त्यावेळी पाच फूट दहा. टीममध्ये उंच पोरांची वानवा होती आणि गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब राहून बॉल खेळवणारी, मोठी पोरं आधीच होती. कोचला बास्केटखाली उभं राहून रिबाउंड काढणारा, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणारा, माणूस पाहिजे होता, आणि त्यात पाच फूट दहाचा पोरगा कितीही चपळ असला तरी काय करणार?

यात फॉरवर्डवाल्यांना बहुधा माहितीच नसलेली गोष्ट म्हणजे त्या वर्षी ज्युनिअर व्हर्सिटीत जॉर्डन काय खेळला. तो त्या टीमचा स्टार होता, काही मॅचमध्ये त्याने एकट्याने ४० च्या आसपास पॉइंट्स काढले, व्हर्सिटीची पोरं आपली मॅच सुरू व्हायच्या आधी लवकर येऊन त्याची मॅच बघत बसायची. आता विचार करा, तोच जर व्हर्सिटीत गेला असता तर काय झालं असतं, मोठ्या गार्डच्या मागे बेंचवर बसून टाळ्या वाजवल्या असत्या आणि मॅच जिंकल्यात जमा झाली की शेवटची दोन-तीन मिनिटं कोर्टवर. पंधराव्या वर्षी पोराला खेळायला वेळ लागतो, मिनिटं लागतात, चुका करायला मॅच लागतात, आणि ते सगळं त्याला त्या धाकट्या टीममध्ये भरपूर मिळालं. माझं तर स्पष्ट मत आहे की तो निर्णय बरोबर होता. जॉर्डनला कितीही लागलं असलं तरी बरोबर होता.

"कोच म्हणाला तुझ्यात टॅलेंट नाही"

हे वाक्य कुठून आलं देव जाणे. कोचचं नाव क्लिफ्टन हेरिंग, सगळे त्यांना पॉप हेरिंग म्हणायचे. ज्या माणसाला पोरात काही दिसलं नाही असं आपण वाचतो तोच माणूस सकाळी शाळा भरायच्या आधी त्या पोराला घेऊन जिममध्ये जायचा आणि त्याच्याकडून शॉट मारून घ्यायचा. ज्याच्यात काही दम नाही अशा पोरासाठी पहाटे कोण उठतं हो? पुढच्या वर्षी व्हर्सिटीत घेतलं तेही त्यांनीच.

आणि या माणसाचं पुढे काय झालं ते फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. हेरिंगना मानसिक आजार झाला, कोचिंग तरुणपणीच सुटलं, आणि त्याच गावात पुढची कित्येक वर्षं ते 'जॉर्डनला काढणारा कोच' म्हणून ओळखले गेले. २०१२ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या अमेरिकन मॅगझिनने त्यांच्यावर मोठा लेख केला तेव्हा कुठे लोकांना दुसरी बाजू कळली, आणि तरी फॉरवर्ड काही थांबला नाही. कुणाची तरी प्रेरणादायी गोष्ट चमकवायला एक मूर्ख माणूस लागतो, तो इथे हेरिंगना करून टाकलंय. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

इथे हमखास उत्तर येतं की "अहो, जॉर्डन स्वतःच असं सांगतो ना!" सांगतो, नाकारतंय कोण. २००९ मध्ये त्याला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, घेतलं तेव्हाच्या भाषणात त्याने लरॉय स्मिथला मुद्दाम बोलावलं होतं, सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं, आणि लरॉयला निवडणाऱ्या कोचला उद्देशून चूक केलीस रे असंही ऐकवलं. तीस वर्षांनी! सहा चॅम्पियनशिप खिशात असताना! त्याच्या आधीही हॉटेलात खोटं नाव लावायचं असेल तर तो लरॉय स्मिथ हेच नाव लावायचा. म्हणजे ती जखम त्याने जपून ठेवली होती यात शंका नाही.

पण जॉर्डनच्या तोंडून आलेली प्रत्येक अपमानाची गोष्ट जशीच्या तशी घ्यायची का? हा किस्सा बघा. मार्च १९९३, वॉशिंग्टन बुलेट्सचा लाब्रॅडफर्ड स्मिथ नावाचा तरुण गार्ड जॉर्डनच्या शिकागो बुल्सविरुद्ध ३७ पॉइंट्स काढून गेला. जॉर्डनने सहकाऱ्यांना सांगितलं की मॅच संपल्यावर हा पोरगा मला 'छान खेळलास, माइक' असं खोचकपणे म्हणाला. लगेच दुसऱ्या दिवशी त्याच टीमविरुद्ध मॅच होती, जॉर्डनने पहिल्या हाफमध्येच ३६ काढले आणि एकूण ४७. नंतर कळलं की तो पोरगा असलं काही बोललाच नव्हता, जॉर्डनने स्वतःला पेटवायला ते मनाने रचलं होतं, आणि हे त्यानेच पुढे कबूल केलं. हा माणूस राग इंधनासारखा वापरायचा आणि नसला तर तयार करायचा. खेळाडू म्हणून ही भन्नाट गोष्ट आहे, पण साक्षीदार म्हणून जरा जपून राहावं लागतं ना.

"खोलीत जाऊन रडला"

हो, हे खरं. त्याने स्वतः सांगितलंय आणि न पटण्यासारखं काही नाही त्यात, पंधरा वर्षांचा पोरगा, मित्राचं नाव आलं आपलं नाही आलं. पुढे.

"फक्त मेहनतीच्या जोरावर"

इथे मला 'फक्त' नको आहे. मेहनत अफाट होती, त्यावर वादच नाही. पण त्या लिस्टच्या वेळी पाच फूट दहा असलेला पोरगा पुढच्या सीझनपर्यंत सहा फूट तीन झाला आणि शेवटी सहा फूट सहापर्यंत गेला. ही उंची कुठल्या प्रॅक्टिसने येते? 

यावर सगळ्यात चांगलं उत्तर त्याच्याच घरात आहे. त्याचा मोठा भाऊ लॅरी. घराच्या मागच्या अंगणात दोघं एकमेकांविरुद्ध तासन् तास खेळायचे आणि बरीच वर्षं मायकल हरायचा, चिडायचा, पुन्हा खेळायचा. जॉर्डनचा २३ नंबर सुद्धा त्यातूनच आलाय, लॅरीचा नंबर होता ४५, तर भावाच्या निम्मा तरी चांगला होऊ म्हणून साडेबावीसचे २३ केले. लॅरीची जिद्द कमी होती असं त्यांना ओळखणारं कुणीच म्हणत नाही, उडी होती, ताकद होती, आईबाप तेच, अंगण तेच. फक्त लॅरी पाच फूट आठवर थांबला. मायकलची उंची वाढली आणि अंगणातल्या मॅचचा निकाल फिरला, नंतर लॅरी त्याला हरवू शकला नाही. लॅरीने मेहनत कमी केली म्हणून तो एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, गेला नाही असं म्हणायची हिंमत आहे का फॉरवर्डवाल्यांची?

आणि "कुणी विचारत नव्हतं" हा जो सूर असतो ना, तोही तारखा बघितल्या की गळून पडतो. १९७८ ला लिस्टमधून नाव हुकलं. १९७९ ला व्हर्सिटीत. १९८१ ला देशातल्या निवडक शाळकरी खेळाडूंच्या मॅकडॉनल्ड्स ऑल अमेरिकन मॅचमध्ये ३० पॉइंट्स आणि नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीची स्कॉलरशिप, तीही डीन स्मिथसारख्या नावाजलेल्या कोचकडे. मार्च १९८२ मध्ये कॉलेजच्या फायनलला जॉर्जटाउनविरुद्ध शेवटची वीसेक सेकंद उरली असताना त्याने मारलेल्या शॉटवर ६३-६२ ने मॅच जिंकली, तेव्हा तो पहिल्या वर्षाला होता. म्हणजे 'उपेक्षा' मोजून एक सीझनची, आणि तीही ४० पॉइंट्स काढत काढत.

"९,००० शॉट हुकले, ३०० मॅच हरला"

हे आकडे आलेत १९९७ च्या नायकेच्या जाहिरातीतून. बूट विकायची जाहिरात होती ती, आणि भारी होती, तेही मान्य. आकडाही काही खोटा नाही, उलट जुना झालाय. करिअर संपेपर्यंत रेग्युलर सीझनमध्ये, म्हणजे बाद फेरीच्या मॅच सोडून, जॉर्डनने २४,५३७ शॉट मारले आणि १२,१९२ आत गेले, म्हणजे हुकले किती ते वजा करून बघा, बरोब्बर १२,३४५! कुणी ठरवून जमवलं असतं तरी इतकं छान जमलं नसतं.

पण मुद्दा असा की दर दोनातला जवळजवळ एक शॉट आत जात होता, अंगावर दोघं-तिघं धावून येत असताना. एका गार्डसाठी हे फारच वरचं प्रमाण आहे. मॅचमागे सरासरी ३०.१ पॉइंट्स, एनबीएच्या इतिहासात सगळ्यात जास्त. साडेबारा हजारच्या आसपास शॉट हुकवायचे असतील तर आधी कुणीतरी तुम्हाला साडेचोवीस हजार वेळा शॉट मारू दिला पाहिजे, आणि बॉल आत जात नसेल तर कोच तुम्हाला दुसऱ्या आठवड्यात बेंचवर बसवतो. हुकल्यामुळे तो मोठा झाला हे साफ उलटं आहे, मोठा होता म्हणून एवढे हुकवायची परवानगी होती. त्याच जाहिरातीत शेवटचा निर्णायक शॉट २६ वेळा हुकला असंही आहे, पण सव्विसाव्या वेळीही टीमने बॉल त्याच्याच हातात दिला होता, त्याचं काय?

आता गंमत म्हणजे अपयशच पाहिजे असेल तर जॉर्डनकडे अस्सल माल पडलाय, पण तो कुणी शेअर करत नाही कारण तो फोटोखाली दोन ओळीत बसत नाही. एनबीएतल्या पहिल्या तीन वर्षांत प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, दहा मॅचपैकी नऊ हरला. त्यातली एक १९८६ ची बॉस्टनविरुद्धची, जिच्यात त्याने एकट्याने ६३ काढले होते आणि तरी हरले! त्याच सीझनमध्ये पायाचं हाड मोडून ६४ मॅच बाहेर बसला होता. मग १९८८, ८९, ९० अशी सलग तीन वर्षं डेट्रॉइट पिस्टन्सने आपटलं, ठरवून आपटलं, त्याला अडवायचे त्यांनी खास डावपेच आखले होते. पहिली चॅम्पियनशिप १९९१ ला, सातव्या सीझनमध्ये, आणि तीही स्कॉटी पिपनसारखा जोडीदार आणि फिल जॅक्सनसारखा कोच आल्यावर, जेव्हा हा बॉल दुसऱ्यांना द्यायला शिकला. मेहनत तर पहिल्या वर्षीही तेवढीच करत होता की.

१९९४ ला, बास्केटबॉल सोडल्यावर, बेसबॉल. बर्मिंगहॅम बॅरन्सकडून, .२०२ ची सरासरी, म्हणजे पाचातून एकदा कसाबसा हिट. जगातला सगळ्यात मेहनती अॅथलीट, सगळ्यात आधी बॅटिंग प्रॅक्टिसला यायचा असं सांगतात, आणि तरी .२०२. १९९५ ला बास्केटबॉलमध्ये परत आला, तर ऑर्लँडोविरुद्ध शेवटच्या सेकंदांत निक अँडरसनने मागून बॉल काढून घेतला आणि त्या सिरीजमध्ये बुल्स बाहेर.

आणि काढून टाकण्याबद्दलच बोलायचं तर ते खरोखर एकदा झालंय. वॉशिंग्टन विझर्ड्सकडून तो दोन सीझन खेळला, दोन्ही वर्षं टीम ३७ जिंकली ४५ हरली, प्लेऑफ एकदाही नाही. त्याच्या आधी तो त्याच क्लबच्या मॅनेजमेंटमध्ये मोठ्या पदावर होता आणि खेळणं थांबलं की परत तिथेच बसायचं असं त्याने धरून चाललं होतं. मे २००३ मध्ये मालक एब पोलिन यांनी त्याला ऑफिसमध्ये बोलावलं आणि तुझी आता गरज नाही म्हणून सांगितलं. तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता.