अबॅकस हा ५००० वर्षांपूर्वीचा चिनी शोध नव्हे

अबॅकसच्या, म्हणजे मणी किंवा खडे सरकवून आकडेमोड करण्याच्या साधनाच्या, इतिहासाविषयी एक मजकूर सर्वत्र फिरत असतो. त्याचा आशय असा, की अबॅकसचा शोध ५००० वर्षांपूर्वी चीनमध्ये लागला, तिथून तो ग्रीस, रोम आणि इतर देशांत गेला, त्याची रचना तेव्हापासून बदललेली नाही आणि भारतीय अंक पोहोचताच युरोपातील अबॅकस संपला. या चारही विधानांना उपलब्ध पुराव्याचा आधार नाही. मुलांना अबॅकस शिकवताना हाच इतिहास त्यांच्या हाती दिला जातो, म्हणून तो काटेकोरपणे तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान काळाचे आहे. ५००० वर्षांपूर्वी म्हणजे इ.स.पू. ३००० च्या सुमारास. चिनी लिपीतील आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने भरीव लेखन शांग राजवटीतील अस्थिलेखांत, म्हणजे हाडांवर कोरलेल्या लेखांत, आढळते आणि ते इ.स.पू. १२०० च्या आसपासचे आहे. त्याच्याही जवळजवळ दोन हजार वर्षे आधीचे अबॅकसचे वर्णन कोणत्याही चिनी ग्रंथात असू शकत नाही, आणि त्या काळातील मण्यांची चौकटही सापडलेली नाही. प्राचीन चीनमध्ये आकडेमोड होत असे ती गणनकाड्यांनी. बांबूच्या लहान काड्या सपाट जागेवर मांडल्या जात, एककाच्या घरात उभ्या, दशकाच्या घरात आडव्या, शतकाच्या घरात पुन्हा उभ्या, म्हणजे शेजारच्या घरांची सरमिसळ होत नसे. ही पद्धत इतकी समर्थ होती की तिच्या आधारे चिनी गणितज्ञ वर्गमूळ आणि घनमूळ काढत आणि अनेक अज्ञातांची समीकरणेही सोडवत. मण्यांनी गणन करण्याचा उल्लेख श्यू य्वे या चिनी गणितज्ञाच्या नावावरील ग्रंथात येतो आणि तो इ.स. १९० च्या सुमाराचा मानला जातो. पण त्या ग्रंथाच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि त्यातील साधन आजच्या चौकटीसारखे होते असे त्यावरून ठरत नाही. निःसंदिग्ध पुरावा त्यानंतर बऱ्याच काळाने मिळतो. १३७१ मध्ये छापलेल्या मुलांच्या सचित्र शब्दपुस्तकात अबॅकसचे चित्र आहे, आणि १५९२ मधील चंग दावेई याच्या ग्रंथाने अबॅकसवरील गणित दूरवर पोहोचवले. युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या चिनी मणीगणिताचे मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही.

दुसरे विधान प्रसाराचे आहे आणि ते तर कालक्रमालाच धरून नाही. खड्यांनी हिशेब करताना ग्रीक लोक हात डावीकडून उजवीकडे नेतात आणि इजिप्तचे लोक उजवीकडून डावीकडे, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकात लिहितो. ग्रीसमधील सलामिस बेटावर १८४६ मध्ये सापडलेली सुमारे दीड मीटर लांबीची संगमरवरी शिळा साधारणपणे इ.स.पू. ३०० च्या सुमाराची मानतात. ती खेळाचा पट असावी अशीही शंका घेतली गेली आहे, परंतु तिच्यावरील समांतर रेषा आणि रकमांची ग्रीक चिन्हे पाहता ती हिशेबाची शिळा होती हेच मत मला अधिक सयुक्तिक वाटते. रोमन लोकांचा तळहातावर मावणारा कांस्य अबॅकसही उपलब्ध आहे; त्याच्या खाचांत वर एक आणि खाली चार मणी सरकतात. या साधर्म्यावरून रोमचा अबॅकस चीनला गेला असे उलटे अनुमानही मांडले जाते. त्यालाही थेट पुरावा नाही, आणि जो निकष एका दाव्याला लावला तोच दुसऱ्यालाही लावायला हवा.

मुळात स्थानावरून किंमत ठरवण्याची कल्पना कोणा एकाची नव्हती. राजाच्या मर्जीने दरबारी माणसाची किंमत क्षणात चढते आणि क्षणात उतरते, हिशेबाच्या फलकावरच्या खड्यासारखी, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियस इ.स.पू. दुसऱ्या शतकात म्हणतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात एकच रेषा शतस्थानी शंभर, दशस्थानी दहा आणि एकस्थानी एक होते, असा दृष्टान्त आहे.

रचना बदलली नाही हे विधान तर साधन हातात घेतले तरी टिकत नाही. पारंपरिक चिनी चौकटीत प्रत्येक दांड्यावर मधल्या पट्टीच्या वर दोन आणि खाली पाच मणी असतात; वरचा मणी पाचाचा आणि खालचा एकाचा, त्यामुळे एका दांड्यावर पंधरापर्यंत संख्या धरता येते आणि गुणाकार-भागाकार करताना हातचा लगेच पुढे न्यावा लागत नाही. जपानने हे साधन चीनकडूनच घेतले, पण पुढे मणी कमी केले, आणि आज शिकवणी वर्गांतून परिचित असलेली वर एक, खाली चार अशी मांडणी तिथे विसाव्या शतकात रूढ झाली. रशियन अबॅकसच्या बहुतेक तारांवर दहा-दहा मणी असतात आणि मधली पट्टीच नसते.

उरले युरोपचे विधान. इटालियन गणितज्ञ फिबोनाचीने भारतीय अंकांची पद्धत १२०२ मध्ये सविस्तर मांडली हे खरे. पण त्यानंतर ३२० वर्षांनी, १५२२ मध्ये, जर्मनीत आडाम रीझ या गणितशिक्षकाने जे अंकगणिताचे पुस्तक छापले त्यात फलकावरील रेषांवर चकत्या मांडून करायचे गणित आणि लेखणीने करायचे गणित या दोन्ही पद्धती शिकवल्या आहेत. ज्याला रोमन अंकच वाचता येत होते त्याला रेषांवर बेरीज-वजाबाकी थेट करता येई, त्यासाठी पाढे लागत नसत आणि कागदही लागत नसे.