‘गॅस लीक झाला तर कंपनी बघेल’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

सध्या आपल्या कोकणातल्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. वाडीच्या ग्रुपवर, मुंबई मंडळाच्या ग्रुपवर, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. थोडक्यात त्यात असं आहे की एमआयडीसीत गॅस लीक झाला तर घाबरायचं कारण नाही, कंपनीकडे प्लॅन असतो, सरकारकडे एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) असतं, वास आला की तोंडाला ओलं फडकं बांधा, गाडी काढा आणि समुद्राकडे निघा, नंतर दूध-गूळ घ्या, आणि जे लोक गावात आपत्कालीन आराखडा करा म्हणून मागे लागलेत ते उगाच घबराट पसरवतायत आणि जागेचे भाव पाडतायत. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही, बरेचसे ओळखीचेच आहेत. पण यातले बहुतेक मुद्दे चुकीचे आहेत आणि दोन-तीन तर थेट जिवावर बेतणारे आहेत, म्हणून एकेक घेऊन लिहितोय. लांबलंय, तरी वाचा.

‘कंपनीकडे प्लॅन असतो, गावाने त्यात पडायचं कारण नाही.’

कंपनीकडे प्लॅन असतो हे खरं, पण तो कंपाउंडच्या आतला. 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांत दोन वेगळे आराखडे सांगितलेत. ऑनसाइट म्हणजे आतला, तो कारखान्याने करायचा आणि दर सहा महिन्यांनी त्याची मॉक ड्रिल घ्यायची. ऑफसाइट म्हणजे गेटच्या बाहेरचा, तो जिल्हा प्रशासनाने करायचा आणि वर्षातून एकदा तरी त्याची रंगीत तालीम व्हायला हवी. आपण राहतो तो गेटच्या बाहेर. म्हणजे कंपनीच्या प्लॅनमध्ये आपल्या घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीला कोण उचलणार हे लिहिलेलं नसतंच, कारण ते त्या प्लॅनचं कामच नाही.

आणि गावाने पडायचं नाही म्हणता, तर 1996 च्या रासायनिक अपघात नियमांत स्थानिक संकट गट म्हणून जो प्रकार आहे, लोकल क्रायसिस ग्रुप, त्यात फॅक्टरी इन्स्पेक्टर, फायर ऑफिसर, पोलीस, बीडीओ (गटविकास अधिकारी) यांच्याबरोबर सरपंच किंवा गावातला पुढारी माणूस, स्थानिक डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते, घातक रसायनं वाहून नेणारे ट्रान्सपोर्टवाले आणि स्थानिक वर्तमानपत्राचा संपादकसुद्धा सदस्य असतो. या गटाने दर महिन्याला बसायचं आहे आणि सहा महिन्यांतून एकदा पूर्ण मॉक ड्रिल घ्यायची आहे. गावाला खुर्ची कायद्यानेच दिलीय. आता आपल्या सरपंचांना विचारून बघा की शेवटच्या मीटिंगला कधी गेलात. मी आमच्या भागात विचारलं तेव्हा असा काही गट असतो हेच बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळत होतं. एके ठिकाणी आराखड्याची झेरॉक्स बघायला मिळाली, संपर्काच्या यादीत अर्धे नंबर लँडलाइनचे, लावून बघितले तर बंद, आणि एका गावाच्या नावापुढे जे सरपंच लिहिलेले ते केव्हाच वारलेले. रात्री दोन वाजता काही झालं असतं तर फोन त्या नंबरवर गेला असता.

‘वास आला की कळतंच, वास नाही तर धोका नाही.’

हा सगळ्यात घातक मुद्दा. अमोनियाचा वास लगेच कळतो, मान्य. पण कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. आणि हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं, साधारण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं, की नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. म्हणजे वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि धोका तेव्हाच वाढलेला असतो. जानेवारी 2022 मध्ये सुरतजवळ सचिन जीआयडीसीत (गुजरातची एमआयडीसी) एका टँकरने बेकायदेशीरपणे नाल्यात केमिकल सोडलं, विषारी वायू तयार झाला आणि जवळच्या मिलमधले सहा कामगार गेले. रात्रीच्या वेळी वहाळात टँकर रिकामे होतात ही तक्रार आपल्याकडे किती जुनी आहे ते खाडीवरच्या भोई लोकांना विचारा, मासे मेले की पहिलं त्यांनाच कळतं.

उलटही होतं. डिसेंबर 2024 ला जयगडला एका प्रकल्पातून इथाइल मरकॅप्टन सुटलं आणि बाजूच्या शाळेतल्या साठहून जास्त पोरांना त्रास झाला, डोळे चुरचुरणं, मळमळ, श्वास लागणं. मरकॅप्टन म्हणजे एलपीजीला वास यावा म्हणून मिसळतात ते, अब्जात एखाद्या भागाएवढं असलं तरी नाकाला कळतं. तिथे वास सगळ्यांना आला होता, पण वास आल्यावर शाळेने काय करायचं, पोरांना आत घ्यायचं की मैदानात काढायचं की कुठल्या बाजूला न्यायचं, हे आधी ठरलेलं असणं हा खरा प्रश्न आहे. पोरांना रत्नागिरीला न्यावं लागलं, म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटर. वास ही फक्त खबर झाली. पुढचं ठरलेलं नसेल तर त्या खबरेचा उपयोग काय?

‘ओलं फडकं बांधा, गाडी काढा आणि समुद्राकडे निघा.’

फडक्याचं आधी सांगतो. अमोनियासारखा पाण्यात विरघळणारा वायू असेल तर ओल्या कापडाने थोडीफार मदत होते, पाच-दहा मिनिटं बाहेर पडण्यापुरती. सॉल्व्हंटची वाफ, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड यांच्यापुढे त्याच्या भरवशावर राहू नका.

समुद्राकडे पळा हे मात्र अजिबात नको. शाळेत आपण सगळेच शिकलोय, दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी लीक झालं तर वायू वाऱ्याबरोबर पूर्वेला, सह्याद्रीच्या दिशेने जाणार, आणि तुम्ही पूर्वेकडच्या वाडीतून समुद्राकडे निघालात तर सरळ त्या ढगात घुसणार. रात्री लीक झालं तर ढगच समुद्राकडे येतोय आणि तुम्ही त्याच्या पुढे पुढे धावताय. म्हणून नियम एकच, वाऱ्याला आडवं जायचं. वारा पूर्व-पश्चिम असेल तर उत्तरेला नाहीतर दक्षिणेला, आणि जमेल तेवढं चढावर, कारण क्लोरीन, एलपीजी, स्टायरीन हे हवेपेक्षा जड, ते वहाळात, खाडीच्या काठाला, सखल वाडीत उतरून बसतात. अमोनिया खरं तर हवेपेक्षा हलका, पण टाकीतून दाबाखालचा द्रव सुटला की थंड पांढरा ढग होऊन तोही सुरुवातीला जमिनीलगतच सरकतो. लोटे, धाटाव, महाड, कुठलंही घ्या, कारखान्यांच्या आजूबाजूला नदी नाहीतर खाडी आहेच आणि वस्ती उताराला आहेच. वारा कुठून आहे ते बघायला कंपनीचा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) गावातून दिसला पाहिजे ही मागणी करा, तोपर्यंत माडाच्या झावळ्या आणि चुलीचा धूर बघा.

गाडीचं काय, तर आपल्या बहुतेक वाड्यांना रस्ता एक. सगळ्यांनी गाड्या काढल्या की तोच रस्ता बंद, अ‍ॅम्ब्युलन्स आणि बंब येणार कुठून? एलपीजी असेल तर गाडी स्टार्ट करणं हेच पेट घ्यायला निमित्त.

खूपदा पळण्यापेक्षा घरात बंद करून बसणं बरं असतं, ढग निघून जाईपर्यंत. पंखे, एसी बंद, दारं-खिडक्या लावून फटीत ओले कपडे. पण इथेही शहरातला सल्ला जसाच्या तसा चालत नाही. कौलारू घर बंद होतच नाही, माळ्यावरून, कौलांच्या फटीतून, पडवीतून हवा येतच राहते. तरी थोड्या वेळापुरतं उघड्यावर उभं राहण्यापेक्षा ते बरंच. म्हणून प्रत्येक वाडीने स्लॅबची दोन-तीन घरं किंवा शाळेची खोली आधीच ठरवून ठेवायची, किल्ली कोणाकडे तेही, आणि धोका टळल्याचं कळलं की दारं उघडून बाहेर मोकळ्या हवेत यायचं, तिथेच बसून राहायचं नाही.

‘नंतर दूध-गूळ घ्यायचं, विष उतरतं.’

नाही उतरत. श्वासातून गेलेला वायू फुप्फुसाचं नुकसान करतो, पोटात दूध-गूळ गेल्याने तिथे काही होत नाही, आणि बेशुद्धीकडे चाललेल्या माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. मोकळ्या हवेत न्या, कपडे काढा, डोळे आणि अंग भरपूर साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा, 108 ला फोन. एवढंच.

‘आमचं गाव एमआयडीसीपासून लांब आहे.’

बंदरात बर्फाचा कारखाना आहे ना? मग तिथे अमोनिया आहे. मिरकरवाडा असो, हर्णै असो, मासळीला बर्फ लागतो आणि बर्फाच्या मोठ्या कारखान्यात थंडावा अमोनियाचाच. अमोनियाचा साठा 60 टनांच्या वर गेला की 1989 चे ते कडक नियम लागतात, बर्फाचा कारखाना त्याच्या बराच खाली, म्हणजे ऑफसाइट आराखड्यात तो येतच नाही आणि असतो मात्र भर वस्तीत, जेटीला लागून. तिथला एखादा व्हॉल्व्ह गळाला तर पहिले सापडणार पहाटे पाट्या भरायला आलेल्या बायका.

आणि हायवे. सप्टेंबर 2022 ला लांज्याजवळ अंजणारीच्या पुलावरून एलपीजीचा टँकर खाली काजळी नदीत कोसळला, मुंबई-गोवा महामार्ग बंद ठेवावा लागला. हायवेला लागून असलेलं प्रत्येक गाव एमआयडीसीच्या शेजारीच आहे असं समजा. टँकरवर मालाचं नाव, यूएन नंबर (प्रत्येक घातक मालाचा ठरलेला चार आकडी नंबर) आणि इमर्जन्सीचा फोन नंबर लिहिलेला असलाच पाहिजे असा नियम आहे. एलपीजीचा नंबर 1075, अमोनियाचा 1005, क्लोरीनचा 1017. टँकर उलटलेला दिसला तर जवळ जाऊन व्हिडिओ काढू नका, लांबूनच तो चार आकडी नंबर वाचा आणि 112 ला सांगा, येणाऱ्या बंबाला त्याच्यावरून कळतं की पाणी मारायचं की नाही.

‘एनडीआरएफ येईल.’

येईलच, आणि ती माणसं जीव तोडून काम करतात, महाडला नोव्हेंबर 2023 च्या स्फोटानंतर ढिगाऱ्यात कामगारांना शोधायला तीच होती. पण त्यांचा तळ पुण्याजवळ. पावसाळ्यात चिपळूण-महाडला तुकडी आणून ठेवतात, एरवी घाट उतरून यायला तास जातात. वायूचा ढग वस्तीत पोचायला मिनिटं लागतात. पहिला अर्धा तास वाडीतल्या वाडीतच निभवायचा असतो, तेव्हा शेजाऱ्याशिवाय कोणी नसतं.

‘माहिती सांगितली की घबराट होते.’

यावर भोपाळचं उदाहरण पुरे. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री बाहेरच्या लोकांसाठी असलेला सायरन थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला, कारण किरकोळ गळतीने लोकांनी घाबरू नये अशी कंपनीची पद्धतच होती. लोक झोपेतून उठले ते खोकत. दवाखान्यातल्या डॉक्टरांना नेमका वायू कुठला हे कोणी धड सांगितलं नाही. विशाखापट्टणमला 7 मे 2020 ला पहाटे स्टायरीन सुटलं तेव्हाही सायरन वाजला नाही, 12 लोक गेले. दोन्हीकडे लोक घाबरलेच, फक्त काही माहिती नसताना घाबरले. शिवाय आसपासच्या लोकांना धोका काय आहे आणि काय करायचं, काय नाही, हे सांगणं कारखान्यावर नियमानेच बंधनकारक आहे, तो कोणाचा आगाऊपणा नाही. जागेच्या भावाचं मी बोलत नाही, पोरांच्या जिवापुढे तो विषय मला काढवत नाही.

‘ऐनवेळी कागद कोण वाचतंय?’

हा शेवटचा मुद्दा मात्र मला पटतो, अर्धा. कागद कोणी वाचणार नाही, म्हणूनच तो वाडीत बसून करायचा आणि पाठ व्हायला हवा. वाडीवार यादी, कोण एकटं राहतं, कोणाला ऐकू येत नाही, कोण चालू शकत नाही, आणि प्रत्येक नावापुढे शेजारचे दोन जण, एक मुंबईला गेला तर दुसरा असावा म्हणून. जमायच्या जागा दोन, एक गावाच्या उत्तरेला, एक दक्षिणेला, वारा बघून एक निवडायची. खबर द्यायला देवळाचा आणि मशिदीचा स्पीकर, पण बॅटरीवर चालणारा, कारण जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत वीज आणि मोबाइल दोन्ही किती दिवस नव्हते ते आपण भोगलंय, आणि केमिकलचा अपघात हवामान बघून होत नाही. 22 जुलै 2021 ला महाड आणि चिपळूण पाण्याखाली होतं, त्या दिवशी एखादी टाकी गळली असती तर दोन्ही जमायच्या जागा पुरात असत्या, तेव्हा पुरासाठी तिसरी जागा हवी. सायरनचा अर्थ सगळ्यांना एकच माहीत हवा, खालीवर होणारा म्हणजे धोका, एकसलग लांब म्हणजे टळला, आणि तुमच्या कारखान्याची खूण वेगळी असेल तर ती शाळेच्या फळ्यावर लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आसपास कुठली रसायनं आहेत त्याची यादी आणि त्यावर पहिला उपचार काय हे आधीच असावं. गणपतीत आणि शिमग्याला गावात माणसं दुप्पट होतात, चाकरमान्यांना यातलं काहीच माहीत नसतं, म्हणून त्या दिवसांत आरतीच्या वेळी दोन मिनिटं बोलायचं.

हे सगळं करायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. येत्या ग्रामसभेत विषय घ्या, आणि प्रांत कार्यालयात साधा अर्ज द्या की आमच्या भागाच्या स्थानिक संकट गटाचे सदस्य कोण, मागच्या मीटिंगांची इतिवृत्तं आणि आमच्या गावावर परिणाम होऊ शकेल अशा अपघातांची माहिती मिळावी. मागितली तर ही माहिती देणं 1996 च्या नियमांप्रमाणे त्या गटाचं काम आहे. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या.