बातमी वाचून बंद केलेली गोळी

माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या एका काकूंनी गेल्या महिन्यात व्हिटॅमिन डीची गोळी परस्पर बंद केली. वय 72, मनगट एकदा मोडलेलं, जिना चढताना मांड्या भरून येतात. का बंद केली विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मोठा अभ्यास झालाय ना, काही उपयोग नाही म्हणून. मुलाने बातमी पाठवली." डॉक्टरांनी गोळी सुरू केली तेव्हा त्यांची रक्तातली व्हिटॅमिन डीची लेव्हल 9 होती, म्हणजे फारच कमी (इथले लेव्हलचे सगळे आकडे एक मिलिलीटर रक्तातले नॅनोग्रॅम).

त्या दिवसापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

बातमी बहुधा अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीची असावी. 25,871 लोक, रोज 2000 युनिट, पाच वर्षांहून थोडा जास्त काळ. 2022 मध्ये फ्रॅक्चरचे निष्कर्ष आले: गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक नाही. चाचणी उत्तम होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यात कोण होतं? ज्यांचं रक्त तपासलं त्यांची सरासरी लेव्हल सुरुवातीलाच 30 च्या आसपास. 12 च्या खाली असलेले जेमतेम अडीच टक्के. शिवाय प्लासिबो गटालाही, म्हणजे ज्यांना औषध नसलेली नुसती दिसायला तशीच गोळी दिली त्यांनाही, स्वतःहून रोज 800 युनिटपर्यंत घ्यायची मुभा होती. कमतरता असलेल्यांना गोळी द्यावी का, हा त्या चाचणीचा प्रश्नच नव्हता. जेवण करून उठलेल्याला पुन्हा ताटावर बसवायचं आणि अन्नाने भूक भागत नाही म्हणायचं, असं झालं. संशोधकांनी लोक कोण होते हे स्पष्ट लिहिलं होतं. बातमीत मात्र ते वाक्य आलं नाही, आणि काकूंची गोळी बंद झाली.

नव्या औषधाच्या चाचणीत प्लासिबो गटाच्या रक्तात ते औषध शून्य असतं. व्हिटॅमिन डी शून्य असलेला माणूस मिळत नाही. ऊन प्रत्येकावर पडतं, कमी किंवा जास्त. हाडांचे अमेरिकन संशोधक रॉबर्ट हीनी यांनी 2014 मध्ये पोषकद्रव्यांच्या चाचण्यांसाठी निकष मांडले होते. आधी लेव्हल मोजा, कमी असलेलेच घ्या, दिलेल्या डोसने लेव्हल खरंच वाढली का ते पुन्हा मोजा. इतकं साधं. तरीही कितीतरी चाचण्या यात बसत नाहीत आणि त्या सगळ्या एकत्र करून सरासरी काढली जाते.

आता ती लेव्हल तरी किती भरवशाची? तेच रक्त दोन लॅबमध्ये दिलं तर आकडे वेगळे येऊ शकतात, कारण पद्धती वेगळ्या. काही पद्धती डी-2 हा व्हिटॅमिन डीचा एक प्रकार नीट पकडत नाहीत, काहींमध्ये जवळपास तशाच रचनेचा दुसरा रेणूही मोजला जातो. सगळ्यांचे आकडे एका मापावर आणण्याचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो 2010 मध्ये. त्याआधीच्या अभ्यासातले 18 आणि आजचे 18 एकच आहेत, हे छातीठोकपणे कोण सांगणार? त्यात 2011 मध्ये अमेरिकेतल्याच दोन संस्थांनी पुरेशी लेव्हल म्हणून वेगवेगळे आकडे दिले, एकीने 20, दुसरीने 30. त्या दुसरीने 2024 मध्ये 30 चा आग्रह सोडून दिला.

डोसचंही तेच. ऑस्ट्रेलियात 70 वर्षांवरच्या 2256 स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्यांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिट दिले. 2010 मध्ये निकाल आला: त्यांचं पडण्याचं प्रमाण 15 टक्क्यांनी जास्त, फ्रॅक्चर 26 टक्क्यांनी जास्त. म्हणजे एकदम मोठा डोस चक्क अपाय करू शकतो. हा निकाल रोजच्या लहान डोसबरोबर एकाच रकान्यात टाकणं मला पटत नाही. आणि "जितकं जास्त तितकं चांगलं" म्हणून स्वतःच डोस वाढवणाऱ्यांनी तो आधी वाचावा.

स्नायूंबद्दल मात्र मी हक्काने बोलते, कारण त्यांच्या चाचण्या रोज माझ्या हातून होतात. हाताची पकड, खुर्चीवरून पाच वेळा उठायला लागणारे सेकंद, थोडं अंतर चालण्याचा वेग. सकाळी 14 सेकंदांत उठणारी बाई संध्याकाळी 17 घेते. रात्री झोप झाली नसेल, गुडघा दुखत असेल, खुर्ची दोन इंच बुटकी असेल, आकडा हलला. दुसऱ्यांदा चाचणी देताना माणूस नुसत्या सवयीनेही सुधारतो. गोळीने होणारा फरक असलाच तर तो याच गोंगाटात दडलेला असणार. आणि पडणं? "गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडलात?" असं विचारलं की मुलं चिंता करतील म्हणून लोक कमी सांगतात, किंवा खरंच विसरतात. ज्या अभ्यासात रोज डायरी भरून घेतली नाही, त्यातल्या पडण्याच्या आकड्यांवर मी फार विसंबत नाही. स्नायूंच्या पेशीत या व्हिटॅमिनचा रिसेप्टर, म्हणजे ते जिथे जोडलं जाऊन काम करतं ते प्रथिन, आहे का यावरही वाद झाला, कारण तो शोधायला वापरलेल्या काही अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारे रेणू) दुसऱ्याच प्रथिनांनाही चिकटत होत्या.

याहून वाईट गोष्ट खोट्या आकड्यांची. जपानचे संशोधक योशिहिरो सातो यांच्या हाडं आणि फ्रॅक्चरवरच्या डझनावारी निबंधांमधली माहिती अशक्य वाटते, हे मार्क बोलंड, अ‍ॅलिसन अ‍ॅव्हनेल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दाखवलं. मग ते निबंध मागे घेतले गेले. पण तोपर्यंत ते, अनेक अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढणाऱ्या इतरांच्या आढाव्यांत जाऊन बसले होते.

रक्तात व्हिटॅमिन डी कमी आणि हाडं ठिसूळ, एवढं दाखवणाऱ्या अभ्यासांवरही लगेच विश्वास ठेवू नका. आजारी, अशक्त माणूस घराबाहेर पडत नाही, म्हणून त्याची लेव्हल उतरते. लेव्हल उतरल्याने तो अशक्त झाला की अशक्त असल्याने लेव्हल उतरली, हे नुसतं रक्त तपासून कळत नाही. लठ्ठपणातही लेव्हल कमी दिसते.

आठवणीत राहिलेला सगळ्यात ठळक चांगला निकाल 1992 चा, फ्रान्समधला. वृद्धाश्रमांतल्या 3270 स्त्रिया, सरासरी वय 84, रोज 800 युनिट आणि कॅल्शियम. 18 महिने पूर्ण केलेल्यांमध्ये खुब्याची फ्रॅक्चर 43 टक्क्यांनी कमी. श्रेय कॅल्शियमचं की डीचं, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. पण संशोधक त्या बायका राहत होत्या तिथे गेले होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आज कमतरता सिद्ध झालेल्या माणसाला वर्षानुवर्षं प्लासिबोवर ठेवणं योग्य नाही, त्यामुळे तशा चाचण्या अवघड झाल्या आहेत, हे मान्य. तरी रोजच्या कमी आणि थोड्या जास्त डोसची तुलना करता येते. त्यासाठी ज्यांना उठायला हात धरावा लागतो, त्यांच्या घरी जाऊन मोजावं लागेल. चाचणी केंद्रापर्यंत स्वतःच्या पायांनी येऊ शकणारी माणसं बहुधा ती नसतातच.

काकू आता डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा घेतायत. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये लेव्हल बघायची आणि त्याच खुर्चीवर उठण्याची चाचणी करायची, असं आमचं ठरलंय.