माहिती पेवात घाला

कुपवाड एमआयडीसीत तुमचा पंपाच्या सुट्या भागांचा कारखाना असेल, तर पुण्याहून येणाऱ्या कन्सल्टंटचं अजिबात ऐकू नका. तो म्हणणार, शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला, म्हणजे तुमचे लोखंडी भाग ओतून देणाऱ्याला, पुढच्या तीन महिन्यांचं शेड्यूल दाखवा, गिऱ्हाइकाकडून खरा खप विचारून घ्या, सगळी साखळी जोडा. अहो, आज शेड्यूल दाखवलं तर उद्या तो जेवायलाच येईल!

आपण सांगलीची माणसं. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात घालून वर्षानुवर्षं टिकवली. माहितीही तशीच ठेवायची. सेल्सनं परचेसला सांगायचं नाही, परचेसनं स्टोअरला. फाउंड्रीवाल्याला तर दारात टेम्पो उभा राहिल्यावरच कळावं, की कास्टिंग आजच हवीत.

मग पेव कसं फुटतं बघा. गिऱ्हाइकानं 100 नगांऐवजी 110 मागितले. तुम्ही 'असू देत जवळ' म्हणून 130 ची ऑर्डर टाकता. मागच्या वेळी शिव्या खाल्लेला फाउंड्रीवाला 170 नगांचं पिग आयर्न, म्हणजे ओतायचं कच्चं लोखंड, भरतो. पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक परत 100 वर. प्रॉक्टर अँड गॅम्बलला बाळांच्या डायपरमध्ये हेच दिसलं होतं: पोरं रोज तेवढीच ओली करतात, ऑर्डरी मात्र उड्या मारतात. तिकडे याला 'बुलव्हिप' म्हणतात, म्हणजे आसूड. आपण मनगट जरासं हलवायचं. टोक कुणाच्या पाठीवर बसतं, ते बघत बसायचं नाही.

टोयोटाचं तर नावच काढू नका. फेब्रुवारी 1997 मध्ये त्यांना ब्रेकचे व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या आयसिनचा कारखाना जळाला. टोयोटाकडे स्टॉक जेमतेम काही तासांचा. गाड्यांच्या लाइनी बंद पडल्या. तेव्हा आयसिननं काय करावं? ड्रॉइंग सगळ्यांना वाटून टाकली! शिलाई मशिनवाली ब्रदर कंपनीसुद्धा व्हॉल्व्ह करायला बसली, आणि आठवडाभरात लाइनी पुन्हा सुरू. भावाची घासाघीस आधी कुणी केलीच नाही म्हणे. आपल्याकडे अशा वेळी निदान तीन कोटेशनं तरी मागवली असती.

पैशांचं थोडक्यात. 2006 चा कायदा छोट्या पुरवठादाराला 45 दिवसांच्या आत पैसे द्या म्हणतो. दिवस मोजायचे, पण साहेबांची सही झाल्यापासून. आणि साहेब शिर्डीला गेलेत.

एवढं सगळं पाळूनही एखादी ऑर्डर राजकोटला जाते. तिथला कारखानदार आठ दिवसांत माल देतो म्हणे. स्वस्तात देत असणार, दुसरं काय! तुम्ही फाउंड्रीवाल्याला आणखी दोन टक्के रेट कमी करायला सांगा.

मार्चअखेरीला स्टॉक मोजायला पोरगं स्टोअरमध्ये पाठवाल, तेव्हा एक करा. पेव उघडल्या उघडल्या हरिपूरचा हमाल कधी आत उतरत नसे, कोंडलेली विषारी हवा आधी बाहेर जाऊ देई. तसं शटर वर करून तासभर राहू द्या. 2019 च्या पुरानंतर तिथं कुणी गेलेलं नाही.